भोंग्याच्या वेळेचा रस्ता

आमच्या बेल्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातही तोच पिकतो. परंतु या कापसाने माणसाचा दिवस कसा बांधून टाकला हे पाहावयाचे, तर गिरण्यांच्या शहराकडेच वळावे लागते. सोलापूर हे असेच एक शहर.

१८६० साली तेथे रेल्वे पोहोचली आणि १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे १८९८ साली लक्ष्मी व नरसिंग गिरजी या गिरण्या निघाल्या. नव्या आल्या म्हणून पहिली 'जुनी मिल' ठरली. ती बंद पडून कितीतरी वर्षे लोटली, तरी तो परिसर आजही त्याच नावाने ओळखला जातो. रस्त्याची आठवण अशी नावातही टिकून राहते.

पण नावावरून त्या रस्त्याची वर्दळ कळत नाही. घरोघरी घड्याळ नव्हते. भोंगा झाला की चूल पेटे, पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरून जाई. त्या गर्दीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी कानी पडे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तर पेठाच्या पेठा गजबजवल्या. १९३० साली याच शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना फाशी झाली. या तारखा पुस्तकात मिळतात. त्या दिवसांत गल्लीतली दारे कधी लागत आणि डबा कोण पोहोचवी, हे मात्र घरातल्या माणसांकडूनच कळावयाचे.

म्हणून आठवणी विचारताना "पूर्वी कसे होते?" असे मोघम विचारू नये. "भोंग्यानंतर प्रथम कोण उठे? पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर कोण बसे?" असे विचारावे. विड्या वळणाऱ्या आजीलाही विचारावे. तिने रस्ता उंबऱ्यातून पाहिलेला असतो. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही लिहून ठेवावे. साल मात्र कागदपत्रांवरून ताडून घ्यावे.

भोंगे थांबले आहेत आणि ते ऐकलेली माणसेही थकत चालली आहेत. आपल्या अंकात मराठी व कानडी असे दोन विभाग आहेत. एकाच रस्त्याच्या आठवणी दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापता येतील. येत्या सुट्टीत प्रत्येकाने निदान एका वृद्धाजवळ वही घेऊन बसावे. ही माणसे गेल्यावर विचारावयाचे कोणाला?