यूरिया-मळी चाटण

यूरिया-मळी चाटण : रवंथ करणाऱ्या जनावरांना निकृष्ट वैरणीस जोड म्हणून द्यावयाचे, विटेच्या आकाराचे पूरक खाद्य. भाताचा पेंढा, गव्हाचे काड इत्यादींत प्रथिने केवळ ३ ते ४ टक्के असतात. त्यामुळे रोमंथिकेतील (पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) सूक्ष्मजंतूंना पुरेसे नायट्रोजन मिळत नाही, तंतूंचे पचन मंदावते व पोट भरूनही जनावर खंगते. यूरियात सु. ४६ टक्के नायट्रोजन असते. रोमंथिकेत त्यापासून अमोनिया तयार होतो व मळीतील शर्करेच्या ऊर्जेवर सूक्ष्मजंतू त्यापासून आपली प्रथिने बनवितात. पुढे हे जंतूच पचून ती प्रथिने जनावरास मिळतात.

मळी, यूरिया, कोंडा, मीठ व खनिज मिश्रण एकत्र करून चुना किंवा सिमेंट यांच्या साहाय्याने वीट घट्ट करतात. घट्टपणामुळे जनावर ती फक्त चाटू शकते व यूरिया थोडा थोडा पोटात जातो. वीट फोडून वा पाण्यात विरघळवून दिल्यास अमोनियाची विषबाधा होऊन जनावर दगावू शकते. सहा महिन्यांखालील वासरे, तसेच घोडे, डुकरे व कोंबड्या यांना ती देऊ नये. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८० नंतरच्या दशकात या चाटणाचा भारतात प्रसार केला. अवर्षणात हिरवा चारा दुर्मिळ असताना ते विशेष उपयोगी पडते. मात्र ते वैरणीऐवजी नव्हे, तर वैरणीबरोबरच द्यावयाचे असते.