सिस्टिम म्हणतेय खरं, पण थांबवणार कोण?

लोकलच्या गर्दीत ज्यांना इअरफोन लावूनही धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप.

"सिस्टिम घेत नाहीये हो." बँकेच्या काउंटरवर हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. समोरचा माणूस खांदे उडवतो आणि विषय तिथेच संपतो. आज बोलायचंय ते याच वाक्याबद्दल. हल्ली प्रत्येक मोठी कंपनी 'रिस्पॉन्सिबल एआय' म्हणते, म्हणजे जबाबदारीनं वापरलेलं एआय. वेबसाइटवर पीडीएफ असते, ऑफिसात एक ट्रेनिंग होतं, दहा प्रश्नांना टिक केलं की सर्टिफिकेट हातात. पण ही जबाबदारी रोजच्या कामात उतरलीच नाही तर काय होतं? त्यासाठी नेदरलँड्सला जाऊ.

तिथे नोकरी करणाऱ्या पालकांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार पैसे देतं. ते वाटायचं काम तेव्हा कर खात्याकडे होतं. लबाडी पकडायला खात्यानं २०१३ पासून एक अल्गोरिदम वापरायला घेतला. तो अर्जांना धोक्याचे गुण द्यायचा. त्यातला एक निकष होता, अर्जदार डच नागरिक आहे की नाही. नसेल, तर धोका जास्त!

तुम्ही म्हणाल, शेवटी फाइल माणूसच बघत होता ना? हो, बघत होता. गुण जास्त आले की फाइल अधिकाऱ्याच्या टेबलावर यायची. पण ते जास्त का आले, हे त्याला कळतच नव्हतं. म्हणजे मशीनला संशय आला, आणि मशीनला आला म्हणजे काहीतरी असणारच, असं माणूस धरून चालला. कागदोपत्री माणूस आहे, प्रत्यक्षात तपासणारं कुणीच नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच.

त्यात नियमही कडक. एखादी सही राहिली, थोड्या पैशांचा हिशेब लागला नाही, तरी अख्खी रक्कम परत मागायची. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. घरं गेली, संसार मोडले.

आता खरी गोष्ट ऐका. खात्यातल्या कुणालाच काही कळलं नाही, असं नव्हतं. सँड्रा पालमेन नावाच्या तिथल्याच कायदा सल्लागारानं २०१७ मध्ये लेखी सांगितलं होतं की खात्याचं वागणं चुकलंय, पालकांना भरपाई द्यायला हवी. (ती नोट अल्गोरिदमबद्दल नव्हती, एका प्रकरणातल्या पालकांचे पैसे ज्या पद्धतीनं थांबवले त्याबद्दल होती.) वरच्यांनी ती बासनात गुंडाळली. ती लोकांसमोर आली थेट २०२० मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुट यांच्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटी तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं, नागरिकत्वाची माहिती अशी वापरल्याबद्दल, कर खात्याला साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड केला.

म्हणून एखाद्या संस्थेत एआय जबाबदारीनं वापरलं जातंय का, हे बघायचं तर पीडीएफ बाजूला ठेवा आणि साधे प्रश्न विचारा. हे मॉडेल चुकलं तर कुणाचं नाव पुढे येणार? "आयटी डिपार्टमेंट" हे उत्तर नाही, माणसाचं नाव हवं. ते बंद करायचा अधिकार कुणाला आहे, आणि आजवर कुणी तो वापरलाय का? ज्याच्यावर निर्णय झाला त्याला कारण कळतं का, दाद मागता येते का? आणि ज्युनिअरनं "सर, हे चुकतंय" म्हटलं, तर मीटिंगमध्ये काय होतं? लोक ऐकतात, की "आधी टार्गेट बघ" म्हणतात? संस्कृती संस्कृती म्हणतात ती यातच दिसते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणाऱ्याचंच अप्रेझल कापलं जात असेल, तर पुढच्या वेळी कोण बोलेल?

हे आपल्यापासून लांबचं वाटत असेल, तर फोनमधलं लोन अ‍ॅप उघडा. कर्ज द्यायचं की नाही, हे ठरवण्यात आता अल्गोरिदमचा हात असतो. रिझर्व्ह बँकेनं यासाठी एक समिती नेमली होती, अध्यक्ष आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात २६ शिफारशी आहेत. त्यातली एक अशी की बँका आणि वित्तसंस्थांचं एआय धोरण संचालक मंडळानं मंजूर केलेलं असावं. म्हणजे विषय सर्व्हर रूममधून थेट बोर्डरूममध्ये. अर्थात, सही झाली म्हणजे काउंटरवरचा माणूस खांदे उडवायचं थांबवेल, असं नाही.

आणि पालमेनबाईंचं पुढे काय झालं? २०२४ च्या शेवटी त्या राज्यमंत्रिपदावर आल्या. खातं मिळालं ते याच पालकांना भरपाई देण्याचं. सात वर्षांपूर्वी स्वतःच सुचवलेलं काम.