बी रुजवायचे कशात?

बी रुजायला खत लागत नाही. टोमॅटो, वांगी, मिरचीच्या बीत पहिली दोन दले उघडेपर्यंत पुरेल एवढी शिदोरी असते. भाताच्या दाण्यात ती आणखी मोठी. तोवर बीला हवे असते पाणी, हवा, ऊब आणि रोगाच्या बुरशीपासून मोकळी जागा. घरच्या कुंडीत बी उगवले नाही की खत कमी पडले असा समज होतो आणि पुढच्या खेपेला एक मूठ जास्त पडते. बहुतेक वेळा करायला हवे असते ते याच्या नेमके उलटे.

वसईच्या पूर्वेला, तुंगारेश्वराच्या डोंगराखाली वसलेल्या कामणसारख्या भातशेतीच्या पट्ट्यात या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे राब. फाल्गुन-चैत्रापासून रोपांसाठी निवडलेल्या तुकड्यावर शेण किंवा गोवऱ्या, त्यावर ऐनासारख्या झाडांचे कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा, वाळके गवत असे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवायचे. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. पाऊस लागला की त्याच जागी भात फेकायचे आणि तीनेक आठवड्यांनी तयार झालेले आवण, म्हणजे रोपे, उपटून आवणी (लावणी) करायची. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये या पद्धतीची नोंद आहे. भारतीय शेतीच्या पाहणीसाठी आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. राबासाठी झाडे तासली जातात म्हणून वनखाते आणि शेतकरी यांच्यात त्या काळी बराच वाद झाला.

आगीने शेणातले नत्र धुरावाटे निघून जाते, सेंद्रिय द्रव्यही जळते. खत म्हणून पाहिले तर हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण त्याच आगीत तणांचे बी, किडींची अंडी आणि बुरशी मरतात, वरची माती भुसभुशीत होते आणि राखेतून पालाश मिळते. शेतकऱ्याने रोपांची जागा आधी निर्मळ केली. त्यासाठी शेण जाळावे लागले तरी चालले. आज जंगलतोड आणि धूर टाळण्यासाठी न भाजता गादीवाफ्यावर रोपे करण्याची शिफारस होते आणि ती योग्यच आहे. फ्लॅटच्या खिडकीत तर राब भाजण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे निवड करायची असते ती दुकानातल्या पिशव्यांमधून.

त्यांतले सगळ्यांत स्वच्छ माध्यम म्हणजे कोकोपीट. नारळाच्या सोडणातून काथ्याचे धागे काढल्यावर उरणारा हा भुसा आपल्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरतो आणि तरीही त्यात हवा खेळती राहते. त्याचा सामू (pH) साधारण ५.५ ते ६.५ असतो. तणाचे बी त्यात सहसा नसते. भाजीच्या व्यापारी रोपवाटिका ९८ खणांच्या ट्रेमध्ये हेच भरतात. पाच किलोची दाबलेली वीट भिजवली की सुमारे सत्तर लिटर कोकोपीट मिळते. चार कुंड्यांसाठी लहान वीट पुरते.

त्याचा दोष आहे खारटपणा. सोडणे पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवली जातात, शिवाय नारळाच्या सालीत मुळातच सोडियम आणि पालाश भरपूर असते. वसईच्या खाडीकाठी खार जमिनीत काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको: पाणी समोर असून मुळाला ते घेता येत नाही. स्वस्त विटा न धुता विकल्या जातात. म्हणून वीट भिजवायची, फडक्यातून पिळायची आणि पाणी फिके होईपर्यंत हे दोन-तीनदा करायचे. दुसरी गोष्ट, कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसते. बी रुजेपर्यंत हा गुणच आहे. मात्र खरी पाने फुटल्यावरही रोप त्यातच राहिले तर ते पिवळे पडते.

गांडूळखत हे दुसरे टोक. रासायनिक खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार विक्रीच्या गांडूळखतात किमान एक टक्का नत्र असावे लागते. साध्या शेणखतात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. आकडे पाहून गांडूळखतातच बी टाकायचा मोह होतो. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स यांच्या गटाने टोमॅटोच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांत माध्यमात थोडे गांडूळखत मिसळल्यावर रोपे जोमदार झाली, पण नुसत्या गांडूळखतात ती मागे पडली. विरघळलेले क्षार जास्त आणि भिजल्यावर कण चिकटून हवा कमी, ही त्यामागची समजण्यासारखी कारणे. मिश्रणाचा पाचवा हिस्सा एवढे गांडूळखत पुरते. ते चाळूनच घ्यावे. खड्याएवढ्या ढेकळाखाली सापडलेले वांग्याचे बी वर येत नाही.

घरच्या ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट फुकट मिळते, म्हणून ते सगळ्यांना प्रिय, आणि बी रुजवण्याच्या बाबतीत सर्वांत बेभरवशाचे. व्यवस्थित रचलेला मोठा ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि त्यात रोगजंतू व तणाचे बी मरते. बाल्कनीतली बादली एवढी तापत नाही. तिच्यातले कंपोस्ट कुंडीत घातले की पपई, भोपळा, टोमॅटो न पेरता उगवतात, तो त्याचाच पुरावा. (पुष्कळ घरांतले सगळ्यांत जोमदार टोमॅटोचे रोप असे आगंतुकच असते, हेही खरे.) अर्धवट कुजलेल्या कंपोस्टमधले अमोनिया आणि सेंद्रिय आम्ले तर कोवळी मुळे जाळतात. कंपोस्ट पिकले की नाही हे वासावरून बरेचसे कळते. थोडे ओले कंपोस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवावे. उघडल्यावर पावसातल्या मातीचा वास यावा, आंबूस किंवा नाकात झोंबणारा येऊ नये. यापेक्षा चोख कसोटी बियांचीच. इटलीतल्या झुकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अळिवाचे (हालिमाचे) बी कंपोस्टच्या अर्कात रुजवून त्याची विषारता मोजण्याची रीत मांडली. घरी तेच काम मेथी करते. एका वाटीत कंपोस्ट, दुसरीत धुतलेले कोकोपीट, दोन्हींत वीस-वीस दाणे. आठवड्याभरात कंपोस्टच्या वाटीत कोंब कमी किंवा मुळे आखूड आणि तपकिरी दिसली तर ते कंपोस्ट आणखी महिनाभर कुजू द्यावे.

शेणखताचेही तेच. ताजे किंवा अर्धे कुजलेले असेल तर उष्णता, हुमणी आणि गवताचे बी हे तिन्ही सोबत येतात. वर्षभर मुरलेले, काळे, बिनवासाचे शेणखत चाळून थोडे मिसळायला हरकत नाही. पालापाचोळ्याचे खत गरीब पण सौम्य, म्हणून बियांना मानवणारे. सागाची जाड पाने मात्र कुजायला फार वेळ घेतात. तुंगारेश्वराचे रान जवळ आहे म्हणून तिथून पोती भरून आणणे योग्य नाही. ते अभयारण्य आहे आणि तिथून परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. सोसायटीच्या आवारातला आंब्याचा, बदामाचा पाला जाळण्याऐवजी कुजवला तरी गरज भागते.

नुसती बागेची माती कुंडीत दगड होते. शेतात गांडुळे आणि मुळे तिला मोकळी ठेवतात, चार इंचांच्या डब्यात ती सोय नसते. तरी मातीला अगदी वगळावे असेही नाही. इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी १९३० च्या दशकात बियांसाठी ठरवलेल्या मिश्रणात दोन भाग निर्जंतुक केलेली पोयटा माती, एक भाग पीट आणि एक भाग वाळू होती. वरून थोडे सुपरफॉस्फेट आणि चुनखडी. दलदलीतले पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साठते, ते थंड देशांतून आणण्याचे आपल्याकडे कारण नाही. त्याची जागा कोकोपीट घेते. माती निर्जंतुक करण्यासाठी मे महिन्याचे ऊन वापरावे: ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून चार ते सहा आठवडे ठेवायचे. इस्रायलमधील याकोव्ह काटान यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत राबाचीच बिनधुराची बहीण म्हणावी लागेल.

कामणच्या हवेत ऋतूप्रमाणे मिश्रण बदलावे लागते. वसईच्या परिसरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ढगाळ, दमट हवेत पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी रोपाला जमिनीलगत गाठतात; संध्याकाळी उभे असलेले रोप सकाळी आडवे. पावसाळ्यात म्हणून तीन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू किंवा जाळून काळे केलेले भाताचे तूस आणि फार तर अर्धा भाग गांडूळखत एवढेच घ्यावे. ट्रे वळचणीखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर ठेवावा. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळल्यास रोपांची अशी मर कमी होते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वाळू कमी करून गांडूळखत एक भागापर्यंत नेता येते. उन्हाळ्यात कोकोपीट वरून कोरडे दिसते आणि आत ओलेच असते. बोट घालून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल असावे. टोमॅटो आठवड्याभरात वर येतो, मिरची दहा-बारा दिवस घेते. दलांनंतरचे पहिले खरे पान दिसले की मग पातळ खतपाणी सुरू करायचे. तोवर खताची पिशवी बंदच राहू द्यावी. मेथी, मुळा, गाजर आणि कोथिंबीर यांना मात्र ट्रे, कोकोपीट यातले काहीच नको. त्यांना उपटून लावणे मानवत नाही. ती जिथे वाढवायची तिथेच पेरावीत.