आधी डॉक्टर, मग नाव

आमच्या घरी कुत्रा आला तो भूकंपामुळे. हे वाचून आपण हसाल, पण खरेच तसे घडले. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात जमिनीला जे धक्के बसू लागले ते महिनोन्महिने थांबेनात. धुंदलवाडीकडची माणसे ऐन थंडीत घराबाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला झोपत. डहाणू गावात आम्हांला तेवढी झळ लागली नाही; फडताळातली भांडी वाजत, एवढेच. पण भीती काही मोजूनमापून येत नाही. त्यातच कुणीतरी सांगितले, की कुत्र्याला भूकंप माणसाआधी कळतो. शास्त्राने यावर शिक्कामोर्तब केलेले नाही, हे मी घरात बजावून सांगितले. परंतु आमच्या अकरा वर्षांच्या कन्येला तेवढे निमित्त पुरले.

जानेवारीत माझा एक विद्यार्थी तलासरीजवळच्या त्याच्या पाड्यावरून पिशवीत घालून पिल्लू घेऊन आला. पाच आठवड्यांचे, तांबूस, शेपटीचे टोक पांढरे, आणि पोट तर असे टमटमीत, की "खात्यापित्या घरचे दिसते," असे आमचे हे कौतुकाने म्हणाले. कन्येने त्याचे नाव ठेवले 'धक्का'. सामान्यनामाचे विशेषनाम कसे होते याचे उदाहरण मी वर्गात आजवर निराळे देत असे. आता घरातच मिळाले.

पुढे आम्ही जे केले ते बहुतेक घरांत होते, म्हणून सांगते. पहिल्याच दिवशी त्याला आंघोळ घातली. वाटीभर म्हशीचे दूध पाजले. दुसऱ्या दिवशी समुद्रावर फिरवून आणले, जिथे गावातली सारी भटकी कुत्री जमतात. शेजारच्या मुलांनी आळीपाळीने मांडीवर घेतले. डॉक्टर? कॉलेजात परीक्षा चालू होत्या. एवढा आठवडा जाऊ दे, असे मी म्हटले.

आमच्या घरामागे चिकूची वाडी आहे. तिथे एक वृद्ध पारशी बाई राहतात. त्यांनी कुंपणावरून विचारले, "डॉक्टरने पाहिला काय याला?" मी नाही म्हणताच त्या म्हणाल्या, "दीकरा, आधी डॉक्टर, मग नाव!" मी हसून सोडून दिले. खरे तर हसण्याचा अधिकार मला नव्हता. या मंडळींचे कुत्र्याशी नाते फार जुने. त्यांच्या वेंदिदाद या ग्रंथात कुत्र्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. 1832 साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा एरवी शांत असलेला हा समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला होता. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालयही पारशी दानातूनच उभे राहिले. मला हे सारे वाचून ठाऊक होते. वाचलेले आपण घरी कुठे वापरतो!

आठव्या दिवशी धक्क्याने अन्न सोडले. दुपारी ओकाऱ्या, संध्याकाळी रक्ताचे जुलाब. त्या जुलाबाचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. आमच्यापैकी एकाने सुचवले, माणसाची तापाची गोळी पाव तुकडा देऊन पाहावी. सुदैवाने दिली नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी आपली औषधे कुत्र्याला विषासमान ठरू शकतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

सकाळी डॉक्टरांनी पाहताच विचारले, "लस?" आम्ही गप्प. त्यांनी पिल्लाचा ओठ वर करून हिरडी दाबली. निरोगी हिरडी गुलाबी असते आणि बोट काढताच दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग धरते. धक्क्याची हिरडी कागदासारखी पांढरी होती. आम्ही ज्याचे कौतुक केले ते पोट खाण्याने नव्हे, जंतांनी फुगलेले होते. पिल्लाला जंत बाहेरून लागावे लागत नाहीत. आईच्या पोटातूनच ते आलेले असतात, आणि दुधातूनही येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंताचे औषध द्यायचे, तेही वजन करून. हेच जंत लहान मुलांच्या पोटातही जाऊ शकतात, हे ऐकून मला मांडीवर घेणारी ती सारी मुले आठवली.

रोग होता पार्व्हो. 1978 साली तो प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. त्याच्यावर तेव्हा नेमके औषध नव्हते. सलाइन द्यायचे, ओकारी थांबवायची आणि पिल्लाने तग धरावा म्हणून झटायचे. डॉक्टर दोन दिवस झटले. तिसऱ्या दिवशी पहाटे धक्का गेला. कन्या त्याच्या शेजारी चटईवर झोपली होती. तिला उठवून सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

रडायलाही सवड मिळाली नाही. डॉक्टरांनी विचारले, "याने कुणाला चावले, ओरखडले?" दुधाचे दात शिवशिवत असल्यामुळे धक्का कन्येचे बोट चावत असे, एकदा रक्तही आले होते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. पण आमचा त्याआधीच गेलेला. पार्व्हो होता म्हणून रेबीज नव्हताच असे छातीठोकपणे कोण सांगणार? आणि रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते; आम्ही हळद लावली होती. त्याच दिवशी तिला सरकारी रुग्णालयात नेले. तिथे ही लस मोफत मिळते. माझ्या आईच्या काळी पोटात चौदा इंजेक्शने घेत. आता दंडावर थोडक्यात भागते. कन्येने हूं की चूं केले नाही. सगळा धीर तिच्याकडेच होता.

पार्व्होचा विषाणू साबणाला, फिनेलला बधत नाही. मातीत तो महिनोन्महिने टिकून राहतो. ज्या जमिनीच्या हलण्याला आम्ही भ्यालो होतो, तिच्याच वरच्या थरात हा बसलेला असणार, अंगणात किंवा समुद्रावर. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतली. मातीचे काय करणार? दोन पावसाळे जाऊ दिले.

ऑगस्ट 2021 मध्ये दुसरे पिल्लू आणले, तेही आईजवळ पुरे आठ आठवडे राहिलेले. या खेपेला पिशवी घरी न आणता थेट गुरांच्या दवाखान्यात नेली. तिथे एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला शेळ्या, मध्ये आम्ही. वजन, ताप (कुत्र्याचा निरोगी ताप आपल्यापेक्षा जास्त, सुमारे 101 ते 102.5 अंश), डोळे, कान, बेंबीपाशी हर्निया आहे की काय, छातीचे ठोके, कातडीवर गोचीड, शेणाची, चुकले, शीची तपासणी. पाव तासात आटोपले.

मी विचारले, आज टोचले म्हणजे झाले ना? कारण एके ठिकाणी मला तसे सांगण्यात आले होते. डॉक्टरांनी मान हलवली. आईच्या चिकातून आलेली रोगप्रतिकारशक्ती पिल्लाला काही आठवडे जपते. परंतु तीच शक्ती आपल्या लसीलाही निकामी करते. ती केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यायची. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, आणि मग ठरल्या तारखेला पुन्हा पुन्हा. मधल्या काळात पिल्लू अर्धे उघडे असते. तेव्हा समुद्र नाही, परकी कुत्री नाहीत. पावसाळा असल्याने उंदरांच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोची लसही त्याच सुईत होती. चिकूच्या बियांपासून जपा, असेही त्यांनी बजावले. त्या बीला आकडा असतो, घशात अडकते.

दोन महिने त्याला आम्ही अंगणात पाऊल टाकू दिले नाही. हे तर म्हणत, हा कुत्रा की सासुरवाशीण! बाई कुंपणापलीकडून पाहत आणि मान डोलवत.

पहिल्या दिवशी कार्ड भरताना डॉक्टरांनी विचारले, "नाव?" कन्या म्हणाली, "अजून ठेवले नाही. सोळा आठवडे होऊ देत." त्यांनी त्या रकान्यात 'पिल्लू' असे लिहिले. तो आता वीस किलोंचा झाला आहे, घरी त्याला 'बाळ्या' म्हणतात, आणि कार्डावर अजून पिल्लूच आहे. रेबीजची तारीख दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर येते. उटणे, पणत्या, रवा यांच्या यादीत ती कन्या आपल्या हाताने लिहिते, सर्वांत वर.