कातळाला कोपरे किती?

दिवाळीच्या सुट्टीत कोण कुठे जाऊन आलं, असं परवा बचतगटात विचारलं. नावं पुष्कळ आली, पण काय बघितलं म्हटल्यावर बऱ्याच जणी हसल्या. मुलं पाण्यात, घरधनी फोटोत आणि आपण सावलीत बसून बॅगा नि डबे सांभाळायचे! म्हणून आज अशा एका बेटाबद्दल सांगते, जिथे बसून काही दिसतच नाही. चालावं लागतं, वाकावं लागतं, हात लावून बघावं लागतं.

हे बेट कर्नाटकात उडुपीजवळ आहे. कुडाळला कोकण रेल्वेत बसायचं, गोवा आणि कारवार मागे टाकायचं आणि उडुपीला उतरायचं. तिथून मालपे बंदर जवळच आहे. मालप्याहून होडीने सेंट मेरीज बेटांवर जातात. पावसाळ्यात होड्या बंद असतात. आम्ही पाच जण गेलो होतो: मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. आईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे होडीतून उतरल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं, "मी हयच बसतंय, तुमी जावा."

धाकट्याला आम्ही ज्वालामुखीचं बेट म्हणून आणलेलं. त्याने चारी बाजूंना बघितलं आणि रडवेला झाला. धूर कुठे? लाल रस कुठे? धुराचा ज्वालामुखी आपल्या देशात एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर, आणि तिथे पाय ठेवायला पर्यटकांना परवानगी नसते. सेंट मेरीजचा ज्वालामुखी थंड होऊन साधारण 8 कोटी 80 लाख वर्षं झाली. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळसुद्धा लाव्हारसाचाच, पण तो साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे हे बेट सह्याद्रीच्या कातळापेक्षा दोन कोटी वर्षांनी थोरलं.

पुढे गेलं की खांब दिसतात. कोणी तासून एकाला एक चिकटवून उभे केल्यासारखे, काही ताठ, काही कललेले, वरून फरशी बसवल्यागत. मुलांना काम दिलं, कोपरे मोजा. थोरलीने वहीत लिहिलं: पाच, सहा, सहा, सात, पाच, सहा. हाका मारमारून शेवटी आजीलाही उठवलं. आई काठी टेकत आल्या, एका खांबावरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्यो कातळ कोणी तासलो गो?"

कोणी नाही. मळ्यातलं पाणी आटल्यावर चिखलाला भेगा पडतात, त्या आठवा. पाणी गेलं की चिखल आकसतो आणि तडकतो. लाव्हारसातून पाणी नाही, उष्णता जाते, पण आकसणं तेच. रस वरून निवायला लागतो, पृष्ठभागावर भेगा पडतात, आणि आतला भाग जसजसा निवतो तसतशा त्या खोल उतरतात. भेगांनी वेगळे झालेले तुकडे म्हणजे हे खांब. सगळीकडून सारखा ताण बसला की कमीत कमी भेगांत जागा वाटून घ्यायला सहा बाजू सोयीच्या पडतात. मधमाशीच्या पोळ्यातही सहाच असतात. पण निवणं सगळीकडे सारखं होत नाही, म्हणून मधूनच पाच किंवा सात. अंधेरीला कुणाचे नातेवाईक असतील, तर तिथली गिल्बर्ट टेकडी बघा. इमारतींच्या गर्दीत असेच काळे खांब उभे आहेत, जवळजवळ 200 फूट उंच.

आणि हा रस आला कुठून? त्या काळी भारत आणि मादागास्कर एकाला एक जोडलेले होते. ते फाटून दूर सरकायला लागले तेव्हा जमीन तडकली आणि खालचा रस वर आला. त्याच वयाचे ज्वालामुखीचे दगड आज समुद्रापार मादागास्करमध्येही सापडतात. थोरलीने पश्चिमेकडे हात करून विचारलं, "म्हणजे याचा दुसरा तुकडा तिकडे आहे?" आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या बेटांना राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक ठरवलंय. तिथला दगड फोडून पिशवीत टाकू नका. धाकट्याच्या खिशातला मी परत ठेवायला लावला, त्यावरून तो तासभर रुसला होता.

आता माझी चूक सांगते. आपण मालवणची माणसं, समुद्र आपल्याला काय शिकवणार, असं मनात असतं. मोबाइल माझ्या हातात होता. "थोडी मागे सर गो," असं मीच थोरलीला म्हटलं. मागच्या खडकावर हिरवं शेवाळ होतं. ती घसरली, त्याच वेळी लाट आली. यांनी दंड धरला म्हणून बरं. गुडघा कालवांवर सोलवटला, रक्त आलं. पाणी तिथून हातभर अंतरावर होतं, आणि खाली खांबांच्या फटी. त्यानंतर मोबाइल पिशवीत गेला तो होडीत बसेपर्यंत.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढं करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस टाळा. साध्या रबरी चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या, पकड घेणाऱ्या सँडल घाला. ओला आणि हिरवा खडक सोडून द्या, कोरड्यावरच चाला. खडकांच्या बाजूला पोहायला उतरू नका. प्यायचं पाणी भरपूर न्या, कारण ऊन फार आणि सावली फक्त माडांची. परतीची होडी किती वाजता, ते उतरतानाच विचारून ठेवा. आणि सामान इतकंच न्या की ते सांभाळायला कोणाला मागे बसावं लागू नये.

होडीवाल्याने हाक मारली तेव्हा आई खांबांपाशीच होत्या. त्यांचे कोपरे मोजून व्हायचे होते.