दुखणं पावलात, शीर गुडघ्यापाशी

निफाड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीला मागच्या हिवाळ्यात उंबरठा लागायला लागला. चाळीस वर्षं ओलांडलेला उंबरठा, पण उजव्या पायाचा अंगठा दर वेळी त्याला थडकायचा. मग ती गुडघा उंच उचलून चालायला लागली, गुडघाभर पाण्यातून चालावं तशी, आणि पाऊल फरशीवर फट्‌कन आपटायचं. दुखत काहीच नव्हतं. पावलाच्या वरच्या बाजूला बोट फिरवलं, की मधे जाड कापड असल्यासारखं वाटतं, एवढंच ती सांगायची.

जवळच्या एका दवाखान्यात कंबरेचा एमआरआय झाला आणि त्यात एक गादी जराशी फुगलेली दिसली. या वयात कंबरेचा फोटो काढला, तर काहीच न दुखणाऱ्या कित्येकांचीही गादी अशी फुगलेली दिसते. तरी कंबरेला पट्टा आला, गोळ्या आल्या, तीन आठवडे सक्तीचं झोपून राहणं आलं. पाऊल होतं तसंच लोंबकळत राहिलं.

नाशिकच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय बाजूला ठेवला आणि विचारलं, “मावशी, हे सुरू व्हायच्या आधी काय काम करत होतात?”

“कांदा लावत होते की! आठ-दहा दिवस तेच.”

कांदा लावणं म्हणजे वाफ्यात सकाळपासून उकिडवं बसायचं आणि रोपं खोचत खोचत पुढे सरकायचं. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला बोटांनी टिचक्या मारल्या, तशी झिणझिणी थेट पावलापर्यंत गेली. मग त्यांनी पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं. ते तिनं जोर लावून वळवलं. तिथेच कंबर जवळपास सुटली. कंबरेतली पाचवी शीर दबली असती, तर पाऊल आत वळवणारा स्नायूही दुबळा पडला असता, कारण त्या स्नायूचा चेतातंतूही कंबरेतल्या त्याच मुळातून येतो, फक्त वेगळ्या वाटेनं. पुढे नर्व्ह कंडक्शन टेस्टनं नेमकी जागा दाखवली.

ती जागा तुम्हीही चाचपून पाहू शकता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, सुपारीएवढं हाड हाताला लागतं. नडगीच्या शेजारचं जे बारीक हाड असतं, त्याचं हे डोकं. त्याच्या किंचित खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून एक चेतातंतू पुढे येतो. पाऊल आणि बोटं वर उचलायचं काम त्याचं. पायभर स्नायूंच्या गादीतून आलेल्या या तंतूला इथे खाली हाड आणि वर कातडी, एवढाच आसरा उरतो. उकिडवं बसलं की तो ताणलाही जातो आणि स्नायूंच्या कडांमध्ये आवळलाही जातो. पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणारे, प्लॅस्टर घट्ट बसलेले, आजारपणात एकाच कुशीवर पडून राहिलेले, भराभर वजन उतरवून इथली चरबी गमावलेले, हे सगळे याच जागी सापडतात. १९७१ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ‘योगा फूट ड्रॉप’ अशा नावानं एक नोंद आली होती. रोज तासन्‌तास वज्रासनात बसणाऱ्या तरुणाची पावलं अशीच पडली होती.

आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि चेतातंतूलाही. त्यामुळे ‘शीर दबली’ म्हटलं की रक्त अडलं असं वाटतं आणि लोक जोरजोरात चोळायला लागतात. दबलेल्या चेतातंतूला चोळणं नको असतं, दाब उठायला हवा असतो. नुसतं वरचं वेष्टण चेपलं असेल, तर काही आठवड्यांत ते भरून येतं. आतला धागाच तुटला असेल, तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर वाढतो.

कंबरेपासून तळव्यापर्यंत अशा अडचणीच्या जागा आणखी आहेत. मांडीच्या बाहेरच्या भागाला संवेदना देणारा तंतू जांघेच्या पट्टीखालून, कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडाला खेटून निघतो. घट्ट पट्टा, सुटलेलं पोट किंवा गरोदरपण यांनी तो दबला, की मांडीवर आग होते, पण ताकद जात नाही, कारण त्याच्याकडे स्नायूचं कामच नाही. सिग्मंड फ्रॉइडला हे दुखणं होतं आणि १८९५ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलंही. घोट्याच्या आतल्या बाजूला तंतू दबला की तळवा जळतो, आणि पुष्कळदा टाचदुखी म्हणूनच त्यावर उपचार होत राहतात.

ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या प्युडेंडल तंतूबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण त्याबद्दल कुणी बोलतच नाही. जननेंद्रियं आणि गुदद्वाराच्या आसपासची संवेदना त्याच्याकडे असते. दोन अस्थिबंधांच्या चिमट्यातून तो जातो आणि पुढे एका अरुंद बोगद्यात शिरतो. अवघड बाळंतपणात तो ताणला जातो, सायकलच्या सीटवर तासन्‌तास बसून दबतो. बसलं की जळजळ, उभं राहिलं की आराम, मधे पोकळ असलेल्या कमोडच्या सीटवरही आराम, आणि रात्री झोप मोडत नाही, अशी त्याची ओळख आहे. बायका हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात, पुरुष मूळव्याध समजून मलमं लावतात. ‘बसल्यावर दुखतं’ हे एक वाक्य डॉक्टरांसमोर न लाजता उच्चारलं, तरी निम्मी वाट सापडते. पण याच भागाला अचानक बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तेव्हा कंबरेतच तंतूंचा जुडगा चेपलेला असू शकतो.

नाशिकच्या डॉक्टरांनी मावशीला आणखी एक प्रश्न विचारला होता, “अंगावर कुठे बधिर चट्टा?” ती दचकली. पायात कुष्ठरोग मुख्यतः याच दोन जागी, गुडघ्याखाली आणि घोट्याच्या आत, चेतातंतू सुजवून जाड करतो, म्हणून पाऊल पडलं की तो तपासायचाच. १९४९ मध्ये बाबा आमटेंनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. तेव्हापासून महाराष्ट्रानं ही लोंबकळणारी पावलं डोळ्यांनी पाहिली आहेत. तरीही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. वेळेत सुरू झालं तर बहुतेक पावलं वाचतात.

मावशीचा चेतातंतू हाताला जाड लागला नाही आणि अंगावर चट्टाही नव्हता. पाऊल धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा आधार आणि व्यायाम एवढंच तिला दिलं, आणि उकिडवं बसणं पूर्ण बंद. पाडव्याच्या सुमारास तिची बोटं थोडी हलली. त्या दिवशी तिनं मला व्हिडिओ कॉल करून चेहऱ्याऐवजी पाऊलच दाखवलं. कांदा काढणीला आला तेव्हा ती बुटक्या पाटावर बसून काढत होती. दर थोड्या वेळानं बांधावर उभी राहायची, टाच टेकून बोटं वर उचलायची, आणि ती उचलली गेलेली बघून पुन्हा वाफ्यात उतरायची.