व्हिक्टोरिया 3 आणि आपली तूर

पॅराडॉक्स कंपनीचा 'व्हिक्टोरिया 3' (2022) हा गेम नव्याने खेळणाऱ्या मुरुड-लातूरच्या दोस्तांसाठी हे चार शब्द. कपडे, फर्निचरचे भाव चढले की एकदम चार कारखाने टाकू नका. या गेममध्ये भाव ठरतो खरेदी आणि विक्रीच्या तफावतीवर. मूळ भावाच्या 75 टक्के वर किंवा 75 टक्के खाली, त्यापलीकडे तो जात नाही. माल जास्त झाला की भाव पडतो, कारखाना तोट्यात जातो, कामगार घरी बसतात आणि त्यांची खरेदीही आटते.

आपल्याकडे तुरीचं हेच झालं. 2015 मध्ये दुष्काळात तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. पुढच्या खरिपात पाऊस चांगला झाला आणि जो तो तुरीकडे वळला. देशाचं उत्पादन जवळपास 26 लाख टनांवरून 48 लाख टनांच्या वर गेलं. बोनससह हमीभाव होता 5,050 रुपये क्विंटल, पण बाजारात सौदे त्याखाली होत होते. डाळ खाणारी तोंडं काही एका वर्षात दुप्पट होत नाहीत! भाव पडण्यात आयात, साठा, निर्यातबंदी यांचाही हात होताच.

म्हणून गेममध्ये एकेक कारखाना बांधा आणि भाव पाहा. कपड्यांच्या कारखान्यात चैनीचे कपडे सुरू केले की साध्या कपड्यांचं उत्पादन घटतं, तेही लक्षात ठेवा. माझ्या मते खरी किल्ली मजुरीत आहे: लोकांच्या हातात पैसा आला तरच फर्निचरला गिऱ्हाईक मिळतं. तुमच्या खेळात कोणता माल आधी पडून राहिला, ते जरूर लिहा.